धातू किती, हवा किती : आलिशान एसयूव्हीच्या चाकाचे माप

आलिशान एसयूव्ही विकत घेताना रंग, आसनांचे चामडे आणि इंजिन यांच्याबरोबरीने चाकाचे मापही निवडावे लागते, आणि एकाच गाडीसाठी १८ किंवा १९ इंचांपासून २२-२३ इंचांपर्यंतचे पर्याय समोर ठेवले जातात. या आकड्यांवरून बहुतेकांचा समज असा होतो की आकडा मोठा म्हणजे चाक मोठे, चाक मोठे म्हणजे गाडी उंच आणि उंच गाडी म्हणजे खड्ड्यांची चिंता मिटली. या साखळीतली पहिलीच कडी कच्ची आहे. हा आकडा संपूर्ण चाकाचा नसून त्याच्या आतल्या धातूच्या भागाचा, म्हणजे रिमचा असतो. त्यातही तो रिमच्या बाहेरून दिसणाऱ्या काठाचा नव्हे, तर टायरची आतली कड, जिला बीड म्हणतात, ती ज्या बैठकीवर घट्ट बसते त्या बैठकीचा व्यास असतो. टायरसकट संपूर्ण चाकाचा व्यास हा निराळा आकडा आहे. तो जाहिरातीत सहसा छापला जात नाही, पण चाकाच्या निवडीचा विचार सुरू व्हायला हवा तो तिथूनच.

हा व्यास टायरच्या बगलेवर उठवलेल्या अक्षरांवरून काढता येतो. उदाहरणादाखल २५५/७० आर १८ हे माप घेतले, तर त्यातला २५५ हा आकडा हवा भरलेल्या टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ७० हा आकडा म्हणजे टायरच्या बगलेची, अर्थात साइडवॉलची उंची ही रुंदीच्या किती टक्के आहे याचे प्रमाण होय. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे आहे. या बांधणीत टायरच्या आतले दोरे एका बीडपासून दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ साली या बांधणीचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये असे टायर बाजारात आणले. शेवटचा १८ हा आकडा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी ही भेळ आहे. ती सुधारण्याचा प्रयत्न त्याच कंपनीने १९७५ च्या सुमारास टीआरएक्स या नावाने करून पाहिला आणि ३९० मिलिमीटरसारख्या मापांच्या रिम काढल्या. परंतु बाजार इंचांवरच अडून राहिला आणि त्या जुन्या गाड्यांच्या मालकांना आज टायर शोधत फिरावे लागते. प्रमाणित मापाच्या बाहेर पडणाऱ्या चाकाचे पुढे काय होते, हे त्यावरून कळावे.

आता या आकड्यांवरून व्यास काढण्याची रीत एका प्रत्यक्ष गाडीला लावून पाहता येते. लँड रोव्हर कंपनीच्या, आणि म्हणून २००८ पासून टाटा समूहाच्या, नव्या डिफेंडर गाडीला जगभरात चार मुख्य मापे दिली गेली : २५५/७० आर १८, २५५/६५ आर १९, २५५/६० आर २० आणि २७५/४५ आर २२. पहिल्या मापात २५५ च्या ७० टक्के म्हणजे १७८.५ मि.मी. इतकी साइडवॉल रिमच्या वर आणि तितकीच खाली येते. १८ इंच म्हणजे ४५७.२ मि.मी.; त्यात ३५७ मिळवले की बेरीज ८१४.२ मि.मी. होते. १९ इंचाच्या चाकाची बेरीज ८१४.१ मि.मी. भरते आणि २० इंचाच्या चाकाची ८१४. या तीन चाकांमधला फरक मिलिमीटरच्या अंशांत मोजण्याजोगा आहे. २२ इंचाचे चाक तर ८०६.३ मि.मी. इतकेच भरते, म्हणजे सर्वांत ‘मोठे’ म्हणून घेतलेले चाक प्रत्यक्षात सर्वांत लहान आहे आणि त्यावर उभी राहिलेली गाडी, बाकी सारे तसेच राहिल्यास, चार मिलिमीटरने खाली बसते.

हा काही एका गाडीचा अपवाद नव्हे. टोयोटा लँड क्रूझर ३०० साठीची २६५/६५ आर १८ आणि २६५/५५ आर २० ही मापे अनुक्रमे ८०१.७ आणि ७९९.५ मि.मी. भरतात, आउडी क्यू-७ ची १९, २० आणि २१ इंचांची चाके ७६१ ते ७६५ मि.मी.च्या टप्प्यात राहतात. कारण उघड आहे. चाकाच्या कमानीतली जागा, गिअरची गुणोत्तरे, वेगमापकाचे गणित आणि चाके घसरू न देणारी एबीएससारखी यंत्रणा हे सर्व एका ठरावीक परिघावर बेतलेले असते आणि तो परिघ बदलला की सगळेच नव्याने जुळवावे लागते. म्हणून कारखान्याने देऊ केलेल्या पर्यायांत बाहेरचा व्यास जवळजवळ अचल राहतो आणि आतली वाटणी तेवढी बदलते. रिम एक इंचाने वाढली की वर अर्धा आणि खाली अर्धा इंच रबर व हवा कमी होते. तेव्हा ग्राहक निवडतो ते चाकाचा आकार नव्हे, तर चाकाच्या अचल आकारात धातू किती आणि हवा किती याचे प्रमाण.

हे प्रमाण गेल्या अर्धशतकात कसे बदलत गेले ते पाहण्यासाठी रेंज रोव्हरइतके चांगले उदाहरण नाही. १९७० साली आलेल्या पहिल्या रेंज रोव्हरला १६ इंचांच्या पोलादी रिमवर २०५ मि.मी. रुंदीचे टायर होते आणि त्या चाकाचा पूर्ण व्यास ७४० मि.मी.च्या आतबाहेर होता. आजच्या रेंज रोव्हरला २८५/४० आर २३ असे माप मिळू शकते, ज्याचा व्यास ८१२ मि.मी. येतो. चाक वाढले ते सुमारे सात-आठ सेंटीमीटरने. रिम मात्र सात इंचांनी, म्हणजे जवळजवळ अठरा सेंटीमीटरने वाढली. मधल्या दहा सेंटीमीटरची भरपाई रबर आणि हवेने केली. यामागची ओढ मुख्यतः नजरेची आहे. एसयूव्हीचे दरवाजे उंच आणि बगला भरदार असतात, अशा धडाखाली छोटी रिम आणि जाड काळा टायर असला की गाडी बोजड दिसते, आणि चकचकीत मोठ्या रिममुळे तीच गाडी तोललेली वाटते. हे सौंदर्य खोटे आहे असे म्हणण्याचे कारण नाही. त्याची किंमत कुठे मोजली जाते, एवढेच समजून घ्यायचे.

ती मोजली जाते हवेत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून चढवीत असे ती लोखंडी धाव झिजेपासून चाकाचे रक्षण करी, पण रस्त्याचा प्रत्येक दगड आरे आणि कण्यामार्फत थेट गाडीवानाच्या मणक्यापर्यंत पोचवी. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले आणि ते विस्मृतीत गेल्यावर जॉन बॉइड डनलपने १८८८ मध्ये तीच कल्पना नव्याने शोधून सायकलसाठी यशस्वी केली, तेव्हा चाकाला रबर चढवण्यापेक्षा मोठी गोष्ट घडली होती : गाडीचे वजन आता दाबलेल्या हवेवर तोलले जाऊ लागले. टायर हे त्या हवेचे पात्र असते. लहान धक्के, खडी, सांधे, रस्त्याची खरखर हे सारे ही हवा आणि लवचिक साइडवॉल गिळून टाकतात, स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्यापर्यंत ते पोचतच नाही. एअर सस्पेन्शनची, म्हणजे पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेल्या गाडीची, आलिशान वर्गात मोठी ख्याती आहे. पण लाखो रुपयांच्या त्या हवेच्या पिशव्यांच्या आधी रस्त्याशी गाठ पडते ती टायरमधल्या साध्या हवेची. आणि मोठी रिम निवडणारा ग्राहक एका हाताने महागडी हवा विकत घेऊन दुसऱ्या हाताने स्वस्त हवा काढून टाकत असतो.

खड्ड्यात नेमके काय होते, हे बीएमडब्ल्यू एक्स-५ या गाडीच्या दोन टोकांच्या मापांवरून स्पष्ट होईल. १९ इंचांचे माप २६५/५० आर १९ असे आहे, त्यात साइडवॉल १३२.५ मि.मी. उंच असते, २२ इंचांच्या जोडीत मागचा टायर ३१५/३० आर २२ असून त्याची साइडवॉल ९४.५ मि.मी. आहे. परंतु ही सगळी उंची कामाची नसते. टायर निसटू नये म्हणून रिमचा काठ बैठकीपासून सुमारे १७ मि.मी. वर उठलेला असतो, आणि गाडीच्या वजनाने टायर उभ्या जागीच दोन-अडीच सेंटीमीटर दबतो. हे दोन्ही वजा केले तर १९ इंचांच्या चाकात रिमच्या काठापासून जमिनीपर्यंत नऊएक सेंटीमीटर अंतर उरते आणि २२ इंचांच्या चाकात पाचच्या आसपास, त्यातही सेंटीमीटरभर जाडी नक्षीच्या घट्ट रबराची असते. साइडवॉलच्या मूळ आकड्यांत फरक तीन दशांशापेक्षा कमी दिसतो, प्रत्यक्ष उपयोगाच्या अंतरात मात्र तो निम्म्याच्या जवळ जातो. वेगात असलेले चाक खड्ड्याच्या धारदार काठावर आदळले आणि हे अंतर संपले, की साइडवॉल एका बाजूने रस्त्याचा काठ आणि दुसऱ्या बाजूने रिमचा काठ अशा अडकित्त्यात सापडते. आतले दोरे तुटतात, रबर मात्र शाबूत राहते, आणि थोड्याच दिवसांत त्या जागी टायरला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो. धक्का आणखी जोराचा असला तर रिम वाकते किंवा तडकते. पोलादी रिम बहुधा वाकते आणि ठोकून सरळ करता येते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव रिम, जिला सर्वजण अलॉय म्हणतात, ती तडकण्याकडे झुकते. दाबून घडवलेली, म्हणजे फोर्ज्ड रिम हलकी आणि अधिक चिवट असते, पण तिची किंमतही तशीच असते.

यानंतरचा मुद्दा वजनाचा. गाडीचे जे वजन स्प्रिंगच्या वर असते ते स्प्रिंगने झेललेले वजन, आणि चाक, ब्रेक व त्यांना धरणारे भाग हे स्प्रिंगखालचे वजन, ज्याला अभियंते अनस्प्रंग मास म्हणतात. रस्त्याचा उंचवटा लागताच हे खालचे वजन वर फेकले जाते, आणि ते जितके जड तितके त्याला पुन्हा रस्त्यावर आणून टेकवणे शॉक ॲब्सॉर्बरला अवघड जाते. मोठ्या एसयूव्हीचे एक चाक टायरसकट तीस किलोंच्या पुढे सहज जाते. रिम वाढवताना काढून टाकलेल्या रबरापेक्षा वाढवलेला धातू बहुधा जड पडतो. शिवाय फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व वस्तुमान मध्यापासून किती दूर आहे याच्या वर्गावर ठरते, त्यामुळे काठावरचा एक किलो धातू ९ इंच त्रिज्येवरून ११ इंच त्रिज्येवर सरकला, तर त्याला फिरवायला आणि थांबवायला जवळजवळ दीडपट जोर लागतो. युरोपात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी या इंधनचाचणीत ग्राहकाने निवडलेली चाके आणि टायर हिशेबात धरून त्या विशिष्ट गाडीचा आकडा काढला जातो, त्यामुळे मोठ्या चाकाचा दंड तिथल्या कागदपत्रांत उघड दिसतो. विजेवर चालणाऱ्या एसयूव्हींच्या बाबतीत तर मोठ्या चाकांमुळे एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर घटलेले कंपन्या स्वतःच आपल्या तक्त्यांत दाखवतात.

एवढे सगळे असूनही मोठी रिम हा निव्वळ शौकाचा मामला ठरवणे अन्यायाचे होईल. उंच साइडवॉल वळणावर बाजूला झुकते आणि स्टिअरिंग फिरवल्यानंतर क्षणभराने गाडी वळू लागते. आखूड साइडवॉल हा विलंब कमी करते. अडीच टनांची गाडी दीडशेच्या वेगाने वळवायची असेल, तर तो क्षण महत्त्वाचा असतो. दुसरे, शक्तिशाली गाडीला मोठ्या ब्रेकच्या चकत्या लागतात आणि त्या रिमच्या पोकळीत बसाव्या लागतात. त्यामुळे अनेक गाड्यांच्या वरच्या प्रकारांना १८ इंचांची रिम चढूच शकत नाही. मात्र हा युक्तिवाद कुठपर्यंत ताणायचा त्यालाही सीमा आहे. डिफेंडरचा सर्वांत शक्तिशाली प्रकार, २०२४ मध्ये जाहीर झालेला ऑक्टा, ६३५ अश्वशक्तीचे इंजिन घेऊन येतो, आणि त्याला दिलेले चाक २० इंचांच्या रिमवरचे २७५/६० मापाचे आहे, ज्याचा पूर्ण व्यास ८३८ मि.मी. भरतो. इथे बनवणाऱ्याने बाहेरचा व्यासच वाढवला आणि वाढलेली सारी जागा हवेला दिली. लँड क्रूझरचा दुर्गम वाटांसाठी सज्ज केलेला जीआर स्पोर्ट हा प्रकारही १८ इंचांच्या रिमवर उभा असतो. ज्यांना गाडी खरोखर खडबडीत जागी न्यायची आहे, त्यांच्यासाठी बनवणारे स्वतः काय निवडतात, हे माहितीपत्रकातल्या छायाचित्रांपेक्षा अधिक बोलके आहे. वाळूत किंवा चिखलात टायरमधली हवा कमी करून त्याचा रस्त्याला टेकणारा भाग लांबवावा लागतो, आणि त्यासाठी दबायला साइडवॉल शिल्लक असावी लागते.

रुंदीबाबतचा एक समज इथे तपासून घेणे आवश्यक आहे. रुंद टायर म्हणजे रस्त्याला अधिक टेकणारे रबर, असे मानले जाते. पण टायर रस्त्याला किती टेकेल हे ढोबळपणे त्यावरचे वजन भागिले आतला हवेचा दाब एवढ्यावर ठरते. एका चाकावर ८०० किलो वजन आणि ३५ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच किलो दाब असेल, तर टेकणारा भाग सव्वातीनशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास, अर्थात ए-फोर कागदाच्या निम्म्याइतका भरतो, टायर कोणताही असो. रुंद टायरमध्ये हा भाग आडवा पसरतो आणि प्रवासाच्या दिशेने आखूड होतो. कोरड्या रस्त्यावर वळताना त्याचा फायदा मिळतो. साचलेल्या पाण्यात तोटा होतो, कारण रुंद चाकाला समोरचे अधिक पाणी कमी वेळात बाजूला सारावे लागते. ते सारता आले नाही की चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निष्प्रभ होतात. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी विमानांच्या टायरवर प्रयोग करून यासाठी एक सूत्र दिले, ज्यात हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येतो. ३५ पीएसआयला तो ताशी साधारण ९८ किलोमीटर निघतो आणि २८ पीएसआयला ८८. झिजलेल्या नक्षीच्या टायरला आणि पाण्याच्या जाड थराला हे सूत्र लागू पडते. चांगल्या नक्षीच्या टायरला अधिक मोकळीक असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीवरची कमाल वेगमर्यादा १०० आहे आणि समृद्धी महामार्गावर १२०, हे लक्षात घेतले तर जुलैच्या पावसात या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

समृद्धीचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करावा लागतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता इतका सलग आणि सपाट आहे की त्यावर २१ किंवा २२ इंचांच्या चाकांना खड्ड्यांची तक्रार करायला फारशी जागा उरत नाही. तिथे प्रश्न उष्णतेचा असतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेरीत अधिक दबतो आणि उघडतो, या घुसळणीत रबर तापते, आणि उन्हाळ्यातल्या तापलेल्या काँक्रीटवर सतत वेगात तासन्‌तास चालल्यास ते फुटण्यापर्यंत जाऊ शकते. आखूड साइडवॉलच्या टायरमध्ये मुळात हवेचा साठा कमी, त्यामुळे तेवढेच वजन पेलायला त्यात दाब अधिक ठेवावा लागतो किंवा त्याची बांधणी भक्कम करावी लागते. अशा टायरवर एक्सएल, म्हणजे जादा भार, अशी खूण असते. मापाच्या पुढे येणारा दोन-तीन अंकी आकडा हा भारांक होय : ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११३ म्हणजे ११५०. त्यानंतरचे अक्षर वेगाचे असते. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. दुकानात त्याच मापाचा स्वस्त टायर मिळतो तेव्हा बहुधा यातलाच एखादा आकडा खाली घसरलेला असतो, आणि जड एसयूव्हीच्या बाबतीत भारांकातली तडजोड ही रिमच्या मापातल्या कोणत्याही चुकीपेक्षा घातक आहे.

मोठ्या चाकांबरोबर आणखी काही अडचणी न मागता येतात. काही गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. एक्स-५ च्या २० इंचांपासून पुढच्या अनेक जोड्या अशाच आहेत. मग झीज सारखी व्हावी म्हणून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करण्याची जुनी रीत चालत नाही, आणि एक टायर गेल्यावर जोडीनेच बदलण्याचा प्रसंग येतो. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांचा परिघ बनवणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेबाहेर वेगळा झाला, तर मधला क्लच किंवा डिफरन्शियल सतत घासत राहते. काही कंपन्या रन-फ्लॅट टायर देतात, ज्यांची साइडवॉल इतकी ताठ केलेली असते की हवा गेल्यावरही ताशी ८० च्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर जाता येते. ताठ आणि आखूड अशा दोन्ही गुणांच्या साइडवॉलवरून जाताना गतिरोधक कसा जाणवतो, याची कल्पना करणे कठीण नाही.

रन-फ्लॅटमुळे स्टेपनीची जागा वाचते, आणि ‘स्टेपनी’ या शब्दाचे मूळ पाहिले तर गंमत वाटते. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्यांच्या देशात आता हा शब्द फारसा कुणी वापरत नाही, महाराष्ट्रातल्या प्रत्येक पंक्चरवाल्याला मात्र तो ठाऊक आहे. २०२० पासून भारतातही, टायर ट्यूबलेस असतील, गाडीत पंक्चर दुरुस्तीचा संच असेल आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी नसलेली गाडी विकता येते. पण दुरुस्तीचा संच खिळ्याने पडलेले भोक बुजवतो. खड्ड्याने फाटलेल्या साइडवॉलपुढे तो काही करू शकत नाही. म्हणजे ज्या गाडीला मोठ्या रिममुळे साइडवॉल फाटण्याचा धोका अधिक, तिच्याच बूटमध्ये जर स्टेपनी नसेल, तर हे दोन निर्णय वेगवेगळे घेतलेले परवडत नाहीत. तालुक्याच्या गावी २३५/६५ आर १७ सारखा टायर संध्याकाळपर्यंत मागवता येईल. २८५/४० आर २३ साठी गाडी ट्रकवर चढवून पुण्या-मुंबईला न्यावी लागण्याची शक्यता अधिक.

चाकणला मर्सिडीजची जीएलएस, पुण्यात रेंज रोव्हर आणि छत्रपती संभाजीनगरला आउडी क्यू-७ जोडली जाते, म्हणजे या वर्गातल्या कित्येक गाड्यांचा पहिला प्रवास महाराष्ट्राच्याच रस्त्यांवर होतो. पावसाळ्यातली मुंबई, घाटातले तुटके काठ, वर्षानुवर्षे रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गावरची वळणे आणि गावोगावचे रंग न दिलेले गतिरोधक हा ज्यांचा नित्याचा मार्ग आहे, त्यांनी ब्रेकवर बसणारी आणि बनवणाऱ्याने मान्य केलेली सर्वांत लहान रिम घ्यावी, हे मत वरच्या गणितातूनच निघते. बहुतेक आलिशान एसयूव्हींसाठी ते माप १९ किंवा २० इंच येते. डिफेंडर किंवा लँड क्रूझर यांच्यासारख्या गाड्यांत, ज्यांचे चाकच आठशे मिलिमीटरचे आहे, २० इंचांच्या रिमवरही दीडशेच्या घरात साइडवॉल उरते आणि तिथे २० इंच ही तडजोड न वाटता समतोल वाटतो. साडेसातशे मिलिमीटरच्या चाकाच्या गाडीत तेच २० इंच अधिक कडक लागतात. म्हणून रिमचा आकडा सुटा पाहण्याऐवजी साइडवॉलची उंची काढावी : रुंदीला टक्क्यांनी गुणले की ती मिळते. ती १२० मि.मी.च्या खाली जाऊ लागली की इथल्या रस्त्यांवर सावध व्हावे. अर्थात ही मर्यादा कोणत्याही नियमपुस्तकातली नाही, ती व्यवहाराची आहे.

गाडी घेतल्यानंतर बाहेरच्या दुकानातून रिम बदलणाऱ्यांसाठी आणखी काही मापे आड येतात. रिमला धरणाऱ्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला पीसीडी म्हणतात, तो डिफेंडरला पाच बोल्टांसाठी १२० मि.मी. आहे, एक्स-५ ला ११२, तर लँड क्रूझरला सहा बोल्टांसाठी १३९.७. पहिल्या दोन मापांतला आठ मिलिमीटरचा फरक ‘बसवून देतो’ म्हणणाऱ्यांनी ताणून बसवला, तर बोल्ट तिरके बसतात आणि वेगात सैल होऊ शकतात. ईटी या अक्षरांपुढचा आकडा रिमची मध्यरेषा आणि हबला टेकणारी तिची पाठ यांतले अंतर सांगतो. तो बदलला की चाक कमानीबाहेर डोकावते किंवा आत सस्पेन्शनला घासते. बाहेरचा व्यास वाढला तर वेगमापक कमी वेग दाखवू लागतो : ८१४ मि.मी.च्या जागी ८३८ मि.मी.चे चाक लावल्यास काट्यावर १०० असताना गाडी प्रत्यक्षात १०३ ने धावत असते. वेगमापकाने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते ठामपणे अधोरेखित केले आहे. अपघातानंतर विमा कंपनीशी होणाऱ्या पत्रव्यवहारात या कलमाला अचानक महत्त्व येते.

मान्य मापांची यादी शोधायला दूर जावे लागत नाही. चालकाचा दरवाजा उघडला की चौकटीच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत एक छोटी पट्टी चिकटवलेली सापडते, तिच्यावर त्या गाडीला चालणारी टायरची मापे, आणि प्रत्येक मापापुढे मोजक्या प्रवाशांसाठी एक व पूर्ण भारासाठी दुसरा असे हवेचे दाब छापलेले असतात. एकाच गाडीच्या १९ आणि २२ इंचांच्या चाकांचे दाब त्या पट्टीवर पुष्कळदा वेगवेगळे दिसतात. ते आकडे गार टायरचे असतात, म्हणजे गाडी निदान तीन-चार तास उभी असताना मोजायचे. पेट्रोल पंपापर्यंत दहा किलोमीटर चालवत नेलेल्या गाडीत काटा त्याहून दोन-तीन पीएसआय वर दिसतो आणि तिथला मुलगा प्रामाणिकपणे तेवढी हवा काढून टाकतो.